डिझेलचा ढेकर

लग्नाच्या मांडवात मुलीने ढेकर देऊ नये, असं क्लेमेंटीनचं ठाम मत होतं. आलाच तर तोंडापुढे रुमाल धरावा आणि नजर दुसरीकडे वळवावी. पण पुतणीच्या, एलिनाच्या लग्नात टोस्ट आटोपून बँडने पहिलं गाणं धरलं, त्या घडीला तिच्या स्वतःच्या पोरीला जो ढेकर आला तो रुमालात मावणारा नव्हता. आवाजाचं एक वेळ जाऊ द्या, पण वास! शेजारच्या टेबलावरची फ्लॉसीमावशी मान वळवून म्हणाली, "अगं प्रिस्का, मागे जनरेटर लावलाय का कोणी? डिझेलचा वास येतोय."

जनरेटर कोणी लावला नव्हता. डिझेलचा वास प्रिस्काच्या ढेकराला होता, आणि ढेकर तिच्या बापाच्या सोड्याचा होता.

आता तुम्ही म्हणाल, ढेकर ही काय सांगायची गोष्ट झाली? पण या एका ढेकराने एका शिकलेल्या पोरीच्या कित्येक महिन्यांच्या कामावर पाणी फिरवलं आणि तिचा सर्वांत आवडता माणूस तिच्यापासून तोडला, म्हणून सांगायची.

प्रिस्काचा बाप स्टॅनी तुस्कानो म्हणजे वसईच्या होळी गावातला सोडेवाला. घरामागे थोडी वाडी, वाडीच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये पाणी गार करायची टाकी, बाटल्या भरायचं मशीन आणि भिंतीला साखळीने बांधलेले गॅसचे सिलिंडर. गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबाने घुसवला की झाला सोडा, यात विद्या ती काय, असं कोणी म्हटलं की स्टॅनीचं टाळकं सरकायचं. त्याचा बापही हेच करायचा. आसपास कोणाचं लग्न निघालं की मंडप, बँड, केटरर या सगळ्यांवर घरोघरी भांडणं व्हायची. सोड्यावर व्हायची नाहीत. सोडा स्टॅनीचा, हे ठरलेलं.

गेले काही महिने मात्र स्टॅनी जेवायला बसला की एकच रड. "गॅस बदललाय. हा आधीचा गॅस नाही. वास मारतो." रोज तेच. क्लेमेंटीनने शेवटी वैतागून त्यावर तोड काढली. बाटल्या भरताना पाण्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. वास झाकला गेला, लोक खूश झाले, नवीन काहीतरी काढलंय म्हणून दोघाचौघांनी कौतुकही केलं. स्टॅनीला ते कौतुक मिरचीसारखं झोंबलं. साधा सोडा ज्याला जमत नाही तो लिंबू पिळतो, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं.

आणि प्रिस्का? ती समोर बसून, एका हाताने भात कालवत, दुसऱ्या हाताने लॅपटॉप सरकवत म्हणायची, "हं, पप्पा." गॅस बदलला, हं. वास मारतो, हं. पुढे तिला स्वतःचा राग आला तो या "हं"चा. कारण त्या लॅपटॉपवर ती त्याच गॅसवर काम करत होती.

प्रिस्काचं काम समजून घ्या. एखादी वस्तू जन्माला आल्यापासून मरेपर्यंत पर्यावरणाच्या किती बोकांडी बसते, ते मोजायचं. वीज कुठून आली, पाणी कुठून आलं, टँकरने किती धूर सोडला, आणि ती वस्तू नसती तर तिच्या जागी काय वापरलं गेलं असतं, ते सगळं. ठाण्याच्या एका छोट्या सल्लागार कंपनीत ती हे करायची, बरंचसं घरूनच. सिमेंट झालं, कागदी पिशव्या झाल्या, शाम्पूच्या पुड्या झाल्या. आणि मग आलं सातिवलीचं काम. चुरी सरांचं.

चंद्रहास चुरी सर म्हणजे तिचे कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर. प्रयोग संपल्यावर पोरं उरलेलं रसायन बेसिनमध्ये ओतायला निघाली की सर मागून यायचे आणि शांतपणे विचारायचे, "तुम्ही याला हात लावला नसता, तर हे कुठे गेलं असतं? आणि आता कुठे चाललंय?" बाकीची पोरं हसायची. प्रिस्काने त्या प्रश्नावर आयुष्य बेतलं. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. सरांनी सातिवलीत गाळा घेतला आणि त्यात एक यंत्र उभं केलं. कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, दोघांचा संसार लावून द्यायचा आणि मिथेनॉल नावाचं इंधन बाहेर काढायचं. जो वायू हवेत जाऊन जग तापवतो त्याच्यापासूनच जळण. हायवेवरच्या एका बियरच्या कारखान्यात धान्य आंबताना हा वायू सुटतो, तो सरांनी करार करून सगळाच्या सगळा मिळवला होता.

मुंबईची एक कंपनी हे यंत्र चालवायला पाठीशी उभी होती, पण तिची अट होती. सरांचं इंधन बनवून, जाळून होईपर्यंत जितकं प्रदूषण होतं, ते नेहमीच्या इंधनाच्या निम्म्याहून कमी असलं पाहिजे, आणि तसं बाहेरच्या माणसाने मोजून लिहून दिलं पाहिजे. नाहीतर मार्चअखेर गाळ्याला कुलूप. सरांनी सुरुची मॅडमना, म्हणजे प्रिस्काच्या बॉसना, फोन करून सांगितलं होतं, "मोजायला प्रिस्काच द्या. ती मला सूट देणार नाही."

सूट द्यायची वेळ येईल की काय, अशीच सुरुवातीला परिस्थिती होती. पाणी फोडायला वीज लागते ती थोडीथोडकी नाही. नेहमीची कोळशावरची वीज धरली की सरांचं इंधन नेहमीच्या इंधनापेक्षा कितीतरी घाणेरडं निघायचं. प्रिस्काने डोकं आपटलं. पाण्याच्या टँकरचा रस्ता मोजला, यंत्रातल्या निकेलचा जन्म मोजला, आकडा हलायचं नाव घेईना. शेवटी सरांनी सोलरची वीज घ्यायचा करार केला आणि आकडा धाडकन खाली आला. निम्म्याहून कमी. बऱ्यापैकी कमी. सरांनी पेढे पाठवले. प्रिस्काने रिपोर्ट लिहायला घेतला आणि त्यात पहिल्याच पानावर एक वाक्य टाकलं: हा वायू वापरला नसता तर तो हवेत सोडला गेला असता. बियरच्या कारखान्याच्या माहितीपत्रात तसंच लिहिलेलं होतं, सरांनी कारखान्याच्या छपरावरून तो सुटताना पूर्वी स्वतः पाहिला होता. आकड्याचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता. आता फक्त सही बाकी होती.

मधल्या काळात एलिनाचं लग्न आलं, लिंबं कमी पडली, आणि प्रिस्काच्या वाट्याला साधा सोडा आला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ती पहिल्यांदाच शेडमध्ये जाऊन बापासमोर उभी राहिली. "पप्पा, गॅस बदललाय म्हणता म्हणजे नक्की काय?"

स्टॅनी बाटल्या धूत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "आता विचारतेस? दिवाळीच्या आधीपासून बोंबलतोय मी."

"सांगा ना."

"आधीचा गॅस बियरवाल्यांचा होता. धान्याचा. स्वच्छ. आता तो बंद झाला. सेबॅस्टियन म्हणतो, कोण्या कंपनीने सगळा उचलला. आता दुसरीकडून आणतो."

"कोणत्या कंपनीने?"

"मला काय माहीत. सातिवलीची आहे म्हणे कुठलीतरी."

ती तिथेच पालथ्या क्रेटवर बसली. महिनोन्महिने ती जगभरचे पेपर वाचत होती, जर्मनीच्या विजेपासून गुजरातच्या उन्हापर्यंत सगळं तिने मोजलं होतं. आणि ज्या वायूबद्दल "हवेत सोडला गेला असता" असं तिने लिहिलं होतं, तो हवेत बिवेत जात नव्हता. तो तिच्या घरामागच्या शेडमध्ये येत होता. तिच्या जेवणाच्या टेबलावर त्याच्याबद्दल रोज कटकट चालायची आणि ती हं हं करत होती. अशी चूक करायला बाप सोडेवाला आणि मुलगी तज्ज्ञ असावी लागते.

सेबॅस्टियन म्हणजे सिलिंडर पोचवणारा टेम्पोवाला. सोमवारी प्रिस्का त्याच्या टेम्पोत बसून निघाली. हायवेपासून आत, गोदामांच्या रांगेमागे, एक नवा कोरा कारखाना होता. तिथला मॅनेजर बिचारा फार अगत्यशील. कोणी मॅडम बघायला आल्यात म्हणून त्याने चहा मागवला आणि कौतुकाने सगळं दाखवलं. ही भट्टी. हिच्यात डिझेल जाळायचं. धूर निघतो, तो या टॉवरमध्ये धुऊन घ्यायचा, की कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो. भरा सिलिंडर.

"म्हणजे तुम्ही डिझेल जाळता ते फक्त धुरासाठी?" प्रिस्काने विचारलं.

"हो मॅडम. डिमांड आहे ना. बियरचा गॅस मार्केटमधून गेला, सोडेवाल्यांना कुठून तरी द्यायलाच हवा. थोडा वास राहतो, फिल्टर बदलायचाय." मग तो मनापासून म्हणाला, "पण गॅस मात्र शंभर टक्के ओरिजिनल."

प्रिस्काला हसू आलं, आणि ते हसू रडण्याच्या फार जवळचं होतं. इकडे चुरी सर वायूपासून इंधन बनवतात, म्हणून तिकडे हा माणूस इंधन जाळून तोच वायू बनवतो. मधल्या मध्ये सोलरची वीज, टँकरचं पाणी आणि तिच्या बापाची अब्रू खर्ची पडते. सेबॅस्टियन वाटेत विचारत राहिला, "काय झालं बाय, तब्येत बरी नाही का?"

घरी येऊन तिने नव्याने मोजलं. ते डिझेल सरांच्या इंधनाच्या नावावर टाकलं, कारण त्यांच्यामुळेच ते जळत होतं. आकडा वर गेला. निम्म्याच्या वर, पाऊणाच्या वर, थांबला तो नेहमीच्या इंधनाच्याही पुढे जाऊन. तिने पुन्हा मोजलं. कुठेतरी चुकलं असावं अशी आशा होती. चुकलं नव्हतं. मग तिने दुसरा मार्ग धरला: सरांनी बियरचा गॅस घेणं सोडलं आणि सातिवलीतल्याच एखाद्या भट्टीच्या धुराड्यातून, जो खरंच हवेत जातो तो वायू घेतला तर? तो घाणेरडा, विरळ, स्वच्छ करायला जास्त वीज. आकडा निम्म्याच्या थोडा वर अडकला. थोडाच. ती त्या थोड्याशी दिवसभर झटत बसली, इकडून ओढलं, तिकडून ढकललं. नाही म्हणजे नाही. शेवटी तिने लॅपटॉप असा मिटला की क्लेमेंटीन आतून म्हणाली, "तोडून टाक, म्हणजे सुटशील."

मग ती सरांकडे गेली. सुरुची मॅडमना सांगायच्या आधी सरांना सांगायचं, एवढं तरी ती त्यांचं देणं लागत होती.

सर गाळ्यात एकटेच होते. अंगात पांढरा कोट, पायांत चपला. त्यांनी यंत्राच्या नळाखाली काचेचं भांडं धरून तिला दाखवलं. पाण्यासारखं स्वच्छ, थेंब थेंब. "बघ," सर म्हणाले. रोज बघत असतील, तरी डोळ्यांत चमक होती. प्रिस्काला वाटलं, आल्या पावली परत जावं.

पण तिने सांगितलं. बियरचा गॅस, सेबॅस्टियन, डिझेलची भट्टी, आकडा. सरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, मग भांडं टेबलावर ठेवलं.

"सोड्यातला वायूसुद्धा शेवटी हवेतच जातो की," ते म्हणाले. "बाटली उघडली की फस्स. नाहीतर ढेकरातून. आधी जात होता, आताही जातो. माझ्यामुळे काय फरक पडला?"

"आधी त्या ढेकरासाठी कोणी डिझेल जाळत नव्हतं, सर. आता जाळतात. तुम्हीच शिकवलंत ना, आपण हात लावला नसता तर कुठे गेलं असतं."

"हवेत गेलं असतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तेव्हा जात असेल. तुम्ही करार केलात तेव्हा हवेत जात नव्हता, सर. आमच्या घरी येत होता."

प्रिस्काला वाटलं, आता ते हसतील, कपाळावर हात मारतील, चल पुन्हा मांडू म्हणतील. कॉलेजात तसं व्हायचं. त्याऐवजी त्यांनी चष्मा काढला आणि ते तो कोटाच्या टोकाने पुसत बसले.

"म्हणजे तुझ्या बापाचा सोडा बिघडला," सर म्हणाले, "म्हणून माझं हे बंद करायचं."

"सर, असं नाही."

"मग कसं? बियरवाले, मी, डिझेलवाला, वसईतले झाडून सगळे सोडेवाले. त्यातून तुला दिसला तो एकच. मी तुला मागून घेतली, कारण तू मला सूट देणार नाहीस असं वाटलं. घरच्यांना देशील असं नव्हतं वाटलं."

काय सांगणार? की पप्पांना तिने काही विचारलंसुद्धा नव्हतं? की महिनोन्महिने ऐकलंही नव्हतं? उलट ते सांगितलं असतं तर तिच्या अकलेचे धिंडवडे निघाले असते. ती उठून बाहेर आली. सातिवलीच्या त्या धुरकट रस्त्यावर रिक्षा मिळेपर्यंत ती उभी राहिली, आणि एका रिक्षावाल्याने मीटरने यायला नकार दिला तेव्हा त्याच्यावर इतकी कडाडली की तो घाबरून 'बसा' म्हणाला.

सुरुची मॅडमना तिने फोनवर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, बापाचा धंदासुद्धा. लपवायचं तिच्या रक्तात नव्हतं, आणि इथेच ती फसली.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "तुझे वडील त्या गॅसचे गिऱ्हाईक होते?"

"हो."

"आणि सरांचा प्लँट बंद पडला तर तो गॅस त्यांना परत मिळेल?"

"बहुतेक. पण मॅडम, आकडा खरा आहे. तुम्ही कोणालाही मोजायला लावा."

"प्रिस्का, आकड्याचं मला सांगू नकोस. तू या कामावर असायलाच नको होतीस. उद्या कोणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ? मोजणारीच्या घरचा धंदा?" मॅडमचा आवाज मऊ होता, आणि त्याचाच प्रिस्काला जास्त संताप आला. "हे काम मी दुसऱ्याला देते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"दुसरा तो डिझेलचा कारखाना धरेल?"

"गिऱ्हाइकाने सरांच्या गेटात वायू आला तिथपासून इंधन जळेपर्यंतच मोजायला सांगितलंय. गेटच्या बाहेर सोडेवाले काय करतात ते त्यांनी विचारलेलंच नाही. तसं रिपोर्टात स्पष्ट लिहू. नियमात बसतं."

बसत होतं. मेलं सगळं नियमात बसत होतं. बियरवाल्यांनी आपला गॅस हव्या त्याला विकला, नियमात. डिझेलवाला धूर धुऊन विकत होता, नियमात. नवा माणूस आला, गेटपासून पुढचं नीट मोजलं, प्रिस्काचेच विजेचे आणि पाण्याचे आकडे त्याने उचलले, पहिल्या पानावरचं तिचंच वाक्य जसंच्या तसं ठेवलं. निम्म्याहून कमी. एवढ्या सगळ्यांत नियमाबाहेरची एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे हे सगळं जिला माहीत होतं ती सोडेवाल्याची मुलगी.

घरी ती पाय आपटत फिरायची. नळ जोरात बंद करायची. क्लेमेंटीनने एकदा विचारलं, "तुझं नाव तर नाही ना त्या कागदावर? मग कशाला जीव जाळतेस?" प्रिस्का म्हणाली, "म्हणूनच जाळते, मम्मी." स्टॅनी बाटल्या भरत राहिला, लिंबू पिळत राहिला.

मार्चमध्ये सरांच्या गाळ्यावर छोटा समारंभ ठरला. मुंबईची माणसं येणार, प्रमाणपत्र देणार, खाणंपिणं होणार. जितेश म्हणून सरांचा मॅनेजर होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की वसईत सोडा कोणाचा घ्यायचा. त्याने स्टॅनीला फोन केला. आणि त्याच संध्याकाळी सरांचा प्रिस्काला दोन ओळींचा मेसेज आला: सुरुवातीचं काम तू केलंस. रागावली नसशील तर ये.

"जाऊ का?" स्टॅनीने विचारलं. "नाही म्हणून सांगू?"

"जायचं," प्रिस्का म्हणाली. "मीपण येते."

त्या सकाळी क्लेमेंटीन लिंबांची परात घेऊन बसली तेव्हा प्रिस्का शेडच्या दारात आली. "एका क्रेटला लिंबू नको, मम्मी. सरांच्या टेबलावर ठेवायच्या त्या बाटल्यांना. साधा सोडा."

क्लेमेंटीनने नवऱ्याकडे पाहिलं. स्टॅनीने मुलीकडे पाहिलं. मग त्याने एक क्रेट वेगळा काढून ठेवला.

गाळ्याबाहेर मांडव होता, खुर्च्या होत्या, माइक होता. सर नव्या सदऱ्यात होते आणि उकाड्याने घामाघूम झाले होते. प्रिस्काला पाहून ते उठले. "आलीस, बरं वाटलं," म्हणाले, आणि खरंच बरं वाटल्यासारखे दिसले. याचाच तिला राग येत होता. हा माणूस लबाड असता तर किती सोपं झालं असतं.

तिने स्वतः बाटली फोडली, ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला. सरांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि क्षणभर थांबले. जन्मभर परीक्षानळ्या हुंगलेला माणूस. त्यांना काय कळायचं राहतंय? त्यांनी प्रिस्काकडे पाहिलं. ती नजर न हलवता उभी होती. एवढंच तिला हवं होतं. त्यांनी ग्लास खाली ठेवावा, काही बोलू नये, नुसता खाली ठेवावा.

सरांनी ग्लास तोंडाला लावला आणि पूर्ण संपवला. शेवटच्या थेंबापर्यंत.

"चांगला आहे," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना सांग."

मग त्यांना भाषणाला बोलावलं. कागद काढून ते वाचू लागले. सर्वांचे आभार, जितेशचे आभार, प्रिस्काचंही नाव आलं. मग म्हणाले, "जो वायू आजवर नुसता हवेत जाऊन वाया जात होता," आणि तिथेच त्यांना ढेकर आला. माइकमधून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. लोक हसले. पुढच्या रांगेतल्या मुंबईच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि मागे वळून पाहिलं, जनरेटर कुठे आहे ते. सरांनी तोंडावर हात ठेवला. ते हसले नाहीत. तो हात काढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग गर्दीतून प्रिस्काला शोधलं, आणि तिच्या लक्षात आलं की सरांना आता कोणी काही समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

सरांनी घसा खाकरला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पूर्ण. जो वायू आजवर नुसता हवेत जाऊन वाया जात होता, त्याच्यापासून आम्ही इंधन बनवलं. या वेळी त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. टाळ्या वाजल्या.

समारंभ आटोपल्यावर प्रिस्का बापाला रिकामे क्रेट टेम्पोत चढवू लागली. हातातलं काम सोडून मोठ्याने रडावं असं तिला वाटत होतं, आणि बापासमोर रडायचं नव्हतं.

"सरांनी ग्लास संपवला," स्टॅनी म्हणाला. "मी बघितलं."

"हो."

"काही बोलले?"

"चांगला आहे म्हणाले."

स्टॅनीने एक बाटली उचलून उजेडात धरली, उगाचच, आणि परत क्रेटमध्ये ठेवली. "म्हणजे आता हाच गॅस राहणार."

"हाच, पप्पा."

"मग मम्मीला सांग, वाडीत अजून दोन लिंबाची झाडं लावू," तो म्हणाला आणि टेम्पोची फळी वर करून त्याने कडी लावली.